मध्यंतरानंतरची निळी शाई

युर्गानं पिशवीतून कागद काढला, टेबलावर उलगडला आणि लुत्सियाबाईंचा चहाचा ग्लास स्वतःच उचलून लांब सरकवला.

"डाग पडायला नको. बाबांच्या हातचा शेवटचा आहे."

लुत्सियाबाई कागदावर वाकल्या. पोलिसात बावीस वर्षं काढून त्यांनी कौनासमध्ये, टेकडीवरच्या रस्त्यावर, दोन खोल्यांत हे चौकशीचं कार्यालय थाटलं होतं. कोपऱ्यात एगले टाइप करायला बसायची. तिच्या पायाशी टोपलीत आठ महिन्यांची उग्ने. एगलेचा एक हात कामावर असायचा आणि दुसरा घडीघडी मुलीच्या नाकाखाली. श्वास लागतोय ना, एवढं बघायचं. दिवसातून पन्नास वेळा.

"माझा भाऊ खोटं बोलतोय," युर्गा म्हणाली. "ते मला सिद्ध करून हवंय. रविवारच्या आत."

"रविवारी काय आहे?"

"बाबांना जाऊन चार आठवडे होतात. चर्चमध्ये प्रार्थना, मग त्यांच्या घरी जेवण. संध्याकाळी फायनल." त्या शब्दाशी ती जरा अडखळली. "अरूनासला मी त्या टेबलाशी बसवणार नाही. पण उगाच बोलले असं नको व्हायला. लहानपणापासून एकाच खोलीत वाढलोय आम्ही."

तिचे वडील ब्रोन्युस. 'गिरिया' या बास्केटबॉल क्लबच्या सामन्यांत मैदानाकडेच्या टेबलाशी बसून एकतीस वर्षं त्यांनी स्कोअरशीट लिहिलं. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसेना. रेडिओ लावायचे आणि घरच्या टेबलावर कोरं पत्रक घेऊन प्रत्येक सामना लिहून काढायचे. यंदा गिरिया पहिल्यांदाच युरोपच्या दुसऱ्या क्रमांकाच्या चषकात इतकी पुढे गेली. ऑक्टोबरपासून म्हाताऱ्यानं एकही सामना सोडला नव्हता.

"सेमीफायनल बोलोन्यात होती. टीव्हीवर नव्हती. बाबांचं हृदय नाजूक, म्हणून मध्यंतराला कुणीतरी डोकवायचं ठरलं होतं. मी जाणार होते, पण धाकट्याला ताप. मग अरूनासला सांगितलं. तो म्हणतो, गेलो, दार ठोकलं, उघडलं नाही, परत आलो."

"आणि तुम्हाला ते पटत नाही."

"हे बघा ना." तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "शेवटच्या बास्केटपर्यंत लिहिलंय. एकोणऐंशी-सत्त्याहत्तर, आणि खाली दोन जाड रेघा. म्हणजे सामना संपेपर्यंत बाबा जिवंत होते. मग मध्यंतराला पोराला दार उघडायला काय झालं होतं? तो गेलाच नाही. गेला असता तर त्यांचा चेहरा बघूनच कळलं असतं. डॉक्टर आला असता."

एगले मान वाकवून बघत होती. दोन उभ्या रांगांत छापील आकडे, त्यांवर तिरप्या रेघा, टिंबं, शेजारी खेळाडूंचे क्रमांक. अक्षर म्हणावं असं काही नाहीच. वर थोडा भाग लाल, मग निळा, आणि तसाच निळा खाली तळापर्यंत. विणकामाच्या नमुन्यासारखा सुबक कागद.

"त्यांना आधी कुणी पाहिलं?"

"फेलिक्सासकाकांनी. शेजारच्या जिन्यात राहतात. बाबांच्या टेबलावर त्यांच्या शेजारी पंचवीस वर्षं घड्याळ सांभाळलं. त्यांच्याकडे किल्ली असते. पावणेदहाला आले तर बाबा खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. दोनेक तास झाले असतील, नसतील."

ती गेल्यावर एगले म्हणाली, "मला तर सरळ दिसतंय. भाऊ घाबरून खोटं बोलतोय."

"सरळ दिसतंय खरं," लुत्सियाबाई म्हणाल्या. "टोपली घे. ट्रॉलीबसनं जाऊ."

*

अरूनास ट्रॉलीबसचा चालक होता. शेवटच्या थांब्यावर, उघड्या दारात बसून तो काळा पाव आणि चीज खात होता. खांदे दाराएवढे, आवाज मात्र तळाशी गेलेला.

"बहिणीनं पाठवलं ना? स्वतः आली नाही. माझा फोनही उचलत नाही." त्यानं टोपलीत डोकावून पाहिलं. "केवढी आहे ही? आठ? आमचा या वयात माझी टोपी चावायचा."

"त्या दिवशी काय झालं?"

"सात मिनिटांचा थांबा असतो मला इथं. घर दोन मिनिटांवर. गाडीत रेडिओ चालू होता. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा आम्ही एकेचाळीस-अडतीस मागे. लोक शिव्या घालत उतरले. मी पळत गेलो. तीनदा दार ठोकलं, हाक मारली. आत रेडिओवर साबणाची जाहिरात लागली होती."

"शिट्टीनंतर किती वेळानं?"

"चार-पाच मिनिटं. वाटलं, रागावून बसलेत. गिरिया हरायला लागली की बाबा कुणाशी बोलत नाहीत."

"किल्ली नव्हती?"

"दोनदा हरवली मी. तिसऱ्यांदा युर्गानं दिलीच नाही." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "बाई, खरं सांगू? सगळे इतक्यांदा म्हणाले की आता मलाच रात्री वाटतं, मी गेलोच नसेन. स्वप्नात दार ठोकतो. हात दुखतो."

घंटा वाजवून तो गाडीत चढला. एगलेला त्याची कीव आली. पण खोटारड्या माणसांचीही कीव येतेच, तिनं मनाशी म्हटलं.

*

ब्रोन्युसच्या घरी युर्गानं काहीच हलवलं नव्हतं. खिडकीशी खुर्ची, टेबल, रेडिओ, आणि रेडिओशेजारी टेलिफोन. मोहरीच्या रिकाम्या बाटलीत दोन पेनं, एक लाल, एक निळं. चुलीवर किटली. चहाच्या ग्लासात चमचाभर कोरडी पत्ती.

"शिट्टी वाजली की बाबा उठून किटली चढवायचे," युर्गा म्हणाली. "पत्ती आधीच घालून ठेवायचे, वेळ जायला नको म्हणून. मध्यंतराचा चहा कधी चुकला नाही. त्या दिवशी तेवढा राहिला. सामनाच तसा अटीतटीचा."

लुत्सियाबाईंनी किटली उचलून हलवली. रिकामी. मग लाल पेन काढून तळहातावर रेघ मारली. ठसठशीत उमटली.

फडताळात मोसमाची फाइल होती. त्या एकेक पान उलटत गेल्या. ऑक्टोबर, इस्तंबूल, वीस गुणांनी हार. नोव्हेंबर, बेलग्रेड, एका गुणानं जीत. जानेवारीतला सामना जादा वेळेत गेलेला. एगलेला सगळी पानं सारखीच वाटली. लाल, निळा, लाल, निळा, मफलरीसारखे पट्टे. सेमीफायनलची जागा रिकामी होती आणि तिच्यामागे आणखी एक कागद होता. तो बघून लुत्सियाबाई जरा थांबल्या आणि त्यांनी फाइल मिटली.

शेजारच्या दारात स्तासेआजी बोलायला टपूनच होत्या.

"भिंत म्हणजे काय, नुसता पुठ्ठा. ब्रोन्युस शिंकला तर मी इथून 'देव भलं करो' म्हणायची."

"त्या संध्याकाळी दार ठोकलेलं ऐकलंत?"

"अगं, या जिन्यात कोण ना कोण ठोकतच असतं. रेडिओ ऐकला. शेवटपर्यंत चालू होता. मध्यंतरात फोन वाजला, तो ऐकला. किती वेळ वाजत होता बाई. म्हटलं, हा संडासात गेला की काय."

"आणि नंतर?"

"नंतर एकदा खुर्ची ओढल्यासारखं झालं. मग आपण जिंकलो." आजींनी डोळ्यांना रुमालाचं टोक लावलं. "गिरिया जिंकली की तो भिंतीवर तीनदा ठोकायचा. मी उलट तीनदा. बारा वर्षं. त्या दिवशी मीच ठोकलं. त्यानं नाही. म्हटलं, रडत असेल. पुरुषांना आवडत नाही ना, कुणी ऐकलेलं."

*

फेलिक्सास उंच, वाकलेला, दाढी नीट केलेला म्हातारा. त्यानं त्यांना बसवलं, दह्याचा केक कापला आणि आपल्या बशीत काहीच घेतलं नाही.

"ब्रोन्युस अन् मी एकत्र कधी सामना ऐकला नाही," तो म्हणाला. "दोनदा ऐकला, दोन्हीदा हरलो. मग कानाला खडा. तो त्याच्या घरी, मी माझ्या."

"टेबल तुम्ही कधी सोडलंत?"

"नव्व्याण्णव साली. बायको आजारी पडली. पुढच्याच वर्षी यांनी नियम बदलले. आमच्या वेळी वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असायचे. आता दहा-दहाचे चार डाव. मी ब्रोन्युसला म्हणायचो, पाव मधोमध कापतात बाबा, चार तुकडे कोंबड्यांना घालायला करतात. पण तो खोडकर. सहासष्टाव्या वर्षी नव्या नियमांची परीक्षा देऊन आला. पोरांच्या रांगेत बसून."

एगलेचा हात नकळत टोपलीत गेला.

"चालू आहे श्वास, पोरी," फेलिक्सास हळूच म्हणाला. "तीस वर्षं रुग्णवाहिकेवर होतो. असला की दारातून कळतो. नसला तरी."

"त्या दिवशी मध्यंतरात तुम्ही त्यांना फोन केला होता?" लुत्सियाबाईंनी विचारलं. "युर्गा म्हणाली, दर सामन्याला करायचात."

त्यानं सुरी पुसली. बराच वेळ पुसली.

"त्या दिवशी नाही केला. राहून गेला. पावणेदहाला गेलो तेव्हा पाहिलं. सगळं लिहून झालं होतं. शांत बसला होता. जिंकलेलं ऐकून गेला, एवढंच."

जिना उतरताना एगले म्हणाली, "किती प्रेमळ माणूस."

"हो," लुत्सियाबाई म्हणाल्या. "तीच तर पंचाईत आहे."

*

रविवारी जेवण झालं. भाजलेल्या बटाट्याच्या किसाची थाळी अर्धी तशीच राहिली. अरूनास आला होता. लुत्सियाबाईंनीच त्याला बोलावलं होतं. तो दाराजवळच्या स्टुलावर कोट न काढता बसला होता. युर्गानं त्याच्याकडे पाहिलं नाही. स्तासेआजी आणि फेलिक्सास टेबलाशी होते. एगले उग्नेला मांडीवर घेऊन खिडकीत.

"युर्गा, तुमचा भाऊ खोटं बोलला नाही," लुत्सियाबाई म्हणाल्या.

त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

"आधी भिंत. बारा वर्षं गिरिया जिंकली की ब्रोन्युस तीनदा ठोकायचे. क्लबच्या सगळ्यात मोठ्या विजयाला त्यांनी ठोकलं नाही. आजींनी ठोकल्यावर उत्तरही दिलं नाही. मग फोन. मध्यंतरात तो कितीतरी वेळ वाजला, आजींनी ऐकला. रेडिओशेजारी हात पोचेल इतका जवळ फोन, आणि ब्रोन्युसनी उचलला नाही. मग किटली. शिट्टी वाजली की उठून ती चढवायची, ही त्यांची सवय. पत्ती ग्लासात तशीच, किटली रिकामी. ते उठलेच नाहीत."

"सामना रंगात होता," युर्गा म्हणाली.

"मध्यंतरात सामना नसतो. साबणाची जाहिरात असते."

लुत्सियाबाईंनी सेमीफायनलचं पत्रक टेबलावर ठेवलं आणि शेजारी मोसमातली तीन जुनी पत्रकं मांडली.

"मीही प्रथम हे नुसतंच पाहिलं. आता रंग बघा. नव्या नियमात चार डाव असतात. पहिला लाल शाईत, दुसरा निळ्या, तिसरा पुन्हा लाल, चौथा निळा. ब्रोन्युस घरीसुद्धा तसंच लिहायचे. पान न् पान पट्ट्यापट्ट्यांचं आहे. या कागदावर पहिला डाव लाल, दुसरा निळा. इथवर सगळं त्यांचं. तिसरा मात्र निळाच. लाल पेन वाळलं असेल म्हणावं, तर ते उत्तम चालतंय."

एगलेला एकदम ती पानं आठवली. लाल, निळा, लाल, निळा. तिनंही पाहिली होती. मफलर म्हणून सोडून दिली होती.

"दोनच भाग होते तेव्हा पूर्वार्ध लाल लिहायचे आणि उत्तरार्ध सबंध निळा," लुत्सियाबाई म्हणाल्या. "हा कागद मध्यंतरानंतर अशा हातानं लिहिलाय, ज्याला चार डावांची सवयच नाही. मध्यंतर झालं की निळं पेन घ्यायचं आणि शेवटपर्यंत सोडायचं नाही. ज्यानं नव्व्याण्णव साली टेबल सोडलं, त्याचा हात. ज्यानं दर मध्यंतराला फोन केला आणि त्याच एका दिवशी केला नाही असं सांगितलं, त्याचा."

"पुरे, बाई," फेलिक्सास म्हणाला. "बाकीचं मी सांगतो."

त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले, जणू तपासायला दिले.

"फोन उचलला नाही म्हणून आलो. किल्लीनं उघडलं. दारातूनच कळलं. पेनाचं टोपण बोटांत होतं अजून. नाडी पाहिली, डोळे पाहिले. जे पाहायचं ते सगळं पाहिलं. काही करण्यासारखं नव्हतं, युर्गा. असतं तर केलं असतं, हे तरी माझं खरं मान."

युर्गानं खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"डॉक्टरला फोन करायला हात पुढे केला, तेवढ्यात रेडिओवर तिसरा डाव सुरू झाला. पुढ्यात कागद. अर्धा. आमच्या टेबलावर अर्धा कागद म्हणजे सोडून दिलेला सामना. तसा कागद त्यानं आयुष्यात कधी पाठवला नव्हता. मी खुर्ची ओढली, त्याच्याजवळ बसलो आणि लिहीत गेलो. रंगाचं भान कुठलं. तो शेजारी होता, एवढंच. पंचवीस वर्षं तसेच बसायचो. जिंकल्यावर त्याला सांगितलं. मोठ्यानं."

स्तासेआजींनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"त्याच वेळी का नाही सांगितलंत?" अरूनासचा आवाज स्टुलावरून आला.

"सांगणार होतो. पण हिनं कागद छातीशी धरला आणि म्हणाली, निदान जिंकलेलं ऐकून गेले. मग तोंड उघडेना. आणि नंतर तुझ्या नावानं सुरू झालं, तेव्हा तर..." तो थांबला. "तू रस्त्यात दिसलास की मी पलीकडे जायचो, पोरा. चार आठवडे."

अरूनासनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणजे मी ठोकलं तेव्हा..."

"तेव्हा ते गेले होते," लुत्सियाबाई म्हणाल्या. "शिट्टीबरोबर उठणारा माणूस चार मिनिटांत किटलीपर्यंत पोचला नव्हता. तुझ्या ठोकण्याला उत्तर द्यायला आत कुणी नव्हतं."

त्यानं मान हलवली. ते पटलं होतं की नुसतं ऐकलं होतं, एगलेला कळलं नाही. तिनं उग्नेला घट्ट धरलं.

युर्गा कागदाकडे बघत होती. मध्यंतराच्या गुणांभोवती काढलेल्या जाड गोलाकडे.

"म्हणजे बाबा हरतोय असं समजून गेले," ती म्हणाली. "तीन गुणांनी मागे असताना."

लुत्सियाबाईंनी फाइल उघडली, अगदी शेवटी, आणि तिथला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. कोरं पत्रक. वर ब्रोन्युसच्या ठेंगण्या अक्षरात एका बाजूला 'गिरिया', मग आजची तारीख, 'अंतिम सामना'. समोरच्या संघाची जागा तेवढी मोकळी.

"हे त्यांनी सेमीफायनलच्या आधीच लिहून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना काय वाटत होतं, ते मला ठाऊक नाही. पण त्यांनी तारीख घातली होती."

भिंतीपलीकडे स्तासेआजींचा चालू राहिलेला रेडिओ बोलायला लागला. संघ मैदानात येत होते.

फेलिक्सास उठला. "मी निघतो. मी बसलो तर हरू."

"बसा, काका," युर्गा म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, आवाजात होताच. "त्या दिवशी एकत्रच ऐकलात ना? जिंकलो."

म्हातारा उभ्यानंच रडायला लागला, आवाज न करता. मग बसला.

वडिलांच्या खुर्चीत कुणी बसेना. बऱ्याच वेळानं अरूनासनं कोट काढला, खुर्ची ओढली आणि रेडिओ लावला. मोकळ्या जागेत त्यानं समोरच्या संघाचं नाव घातलं. लाल पेन घेतलं, मग दुसऱ्या डावाला निळं. त्याचे आकडे मोठे होते, रकान्याबाहेर जात होते. मध्यंतराला गिरिया नऊ गुणांनी मागे होती. कुणीतरी किटली चढवली. फोन वाजला नाही.

एगलेनं उग्नेच्या नाकाखाली बोट धरलं. ऊब लागली. तरी तिनं बोट तिथंच राहू दिलं.

तिसरा डाव सुरू झाला. पहिलाच चेंडू बास्केटमध्ये गेला आणि अरूनासचा हात घाईनं कागदावर आला, मुठीत निळं पेन तसंच.

चार आठवडे युर्गा त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं बाटलीतून पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"आता लाल," ती म्हणाली.